झोटेरोचं एकच ग्रंथालय होस्ट आणि व्हीएम दोन्हीकडून कसं वापरावं? (डेटाबेस बिघडलाय, मदत हवी)

तळटीप

नमस्कार मंडळी, मी तळटीप. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल म्हणून सगळं लिहिते.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. वाचन, पीडीएफवर खुणा करणं, नवे लेख गोळा करणं हे सगळं तिथेच झोटेरोमध्ये, म्हणजे संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये, चालतं. प्रबंध मात्र वर्डमध्येच द्यायचा आहे, आणि मार्गदर्शकांच्या दुरुस्त्याही वर्डच्या ट्रॅक चेंजेसमधूनच येतात. त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज टाकलं आणि त्यात वर्ड; बाहेरचा लिनक्सचा लॅपटॉप म्हणजे होस्ट. ग्रंथालयात साधारण २३०० नोंदी आहेत, जोडलेल्या फाइल्स ११ जीबी. व्हीएमच्या डिस्कवर जेमतेम ९ जीबी शिल्लक, म्हणजे सगळं दोनदा ठेवायला जागा नाही.

म्हणून मी काय केलं? झोटेरोचं डेटा फोल्डर व्हर्च्युअलबॉक्सच्या, होस्ट आणि व्हीएम दोन्हीकडून दिसणाऱ्या, शेअर्ड फोल्डरमध्ये हलवलं आणि दोन्हीकडच्या झोटेरोला सेटिंग्जमध्ये तोच पत्ता दिला. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी रात्री व्हीएम बंद न करता 'सेव्ह द मशीन स्टेट' केलं, म्हणजे आहे त्या अवस्थेत गोठवून ठेवलं. आतलं झोटेरो उघडंच होतं. सकाळी लिनक्सवर झोटेरो उघडून दोन लेख वाचले, भरपूर खुणा केल्या. दुपारी व्हीएम जागं केलं, वर्डमध्ये एक सायटेशन (मजकुरातला संदर्भाचा उल्लेख) घातलं आणि संध्याकाळी लिनक्सवर संदेश आला: 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड'.

स्टोरेज फोल्डरमधल्या पीडीएफ सगळ्या जागेवर दिसतात. पण नोंदी, कलेक्शन्स, टॅग यांचं काय झालं ते कळत नाही. हात लावायला भीती वाटतेय. आधी हे वाचवायचं कसं, आणि मग दोन्हीकडून वापरायची योग्य रीत कोणती, दोन्ही सांगा प्लीज.

बोरू

तळटीप, आत्ता लगेच करायचं ते एवढंच: दोन्हीकडचं झोटेरो बंद करा. व्हीएमसुद्धा सेव्ह न करता नीट शटडाउन करा, नाहीतर आतलं झोटेरो जागं झाल्यावर पुन्हा त्याच फाइलवर लिहील.

मग संपूर्ण डेटा फोल्डरची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. दुरुस्तीचा कुठलाही प्रयत्न त्यानंतर.

आता त्या फोल्डरमध्ये बघा. झोटेरो डॉट एसक्यूलाइट ही मुख्य फाइल. तिच्याशेजारी त्याच नावाची, शेवटी 'डॉट बॅक' असलेली एक फाइल असेल, कदाचित 'डॉट १ डॉट बॅक' अशीही एक. झोटेरो स्वतःहून अधूनमधून काढतं त्या या प्रती. त्यांच्या तारखा आणि आकार इथे लिहा. 'डॅमेज्ड' अशा शेपटाची फाइल दिसली तर झोटेरोने बिघडलेली प्रत बाजूला ठेवून आपणच बॅकअप लावलाय असं समजा. ती पुसू नका.

तळटीप

बोरू, खूप आभार. प्रत काढली. डॉट बॅक फाइल आदल्या दिवशी रात्रीची आहे, आकार मुख्य फाइलच्या जवळपास तेवढाच. 'डॅमेज्ड' काही दिसत नाही.

बोरू

मग तुमचं फारसं गेलेलं नाही. शेअर्ड फोल्डर आता विसरा. संपूर्ण डेटा फोल्डर लिनक्सच्या तुमच्या होम फोल्डरमध्ये परत न्या. बिघडलेल्या मुख्य फाइलचं नाव बदलून ठेवा, '-जर्नल' अशी शेपटाची फाइल असेल तर तीही बाजूला काढा (जुन्या जर्नलची नव्या फाइलशी गाठ पडता कामा नये), आणि डॉट बॅकची प्रत करून तिला मूळ नाव द्या. सेटिंग्जमध्ये डेटा डिरेक्टरीचा पत्ता पुन्हा होमकडे वळवा. उघडल्यावर अ‍ॅडव्हान्स्डमधल्या फाइल्स अँड फोल्डर्समध्ये 'चेक डेटाबेस इंटिग्रिटी' आहे, ते चालवा. व्हीएमला सध्या हात लावू नका.

तळटीप

उघडलं! तपासणीत काही चूक सापडली नाही. सगळी कलेक्शन्स आहेत. त्या सकाळी आलेले दोन लेख यादीत नाहीत, पण त्यांच्या पीडीएफ स्टोरेजमध्ये सापडल्या.

एक मात्र कळलं नाही. पीडीएफ आहे ती आहे, मग तिच्यावर केलेल्या पिवळ्या खुणा कुठे गेल्या? फाइल थेट उघडून पाहिली, एकही खूण नाही. दोन लेखांवर सकाळचे चार तास घातले होते हो.

बोरू

त्या खुणा पीडीएफमध्ये कधी नव्हत्याच. मार्च २०२२ मध्ये सहावी आवृत्ती आली, तेव्हापासून झोटेरोच्या आतल्या वाचकात केलेल्या खुणा आणि शेरे डेटाबेसमध्ये जातात. पीडीएफ जशीच्या तशी राहते. फाइलमध्येच हव्या असतील तर त्या तिच्यात मुद्दाम लिहवून घ्याव्या लागतात. त्यामुळे 'माझ्या पीडीएफ सुरक्षित आहेत, म्हणजे माझं काम सुरक्षित आहे' हा हिशेब आता चालत नाही. तुमचे चार तास त्या बिघडलेल्या फाइलमध्ये आहेत. झोटेरोच्या संकेतस्थळावर बिघडलेला डेटाबेस चढवून दुरुस्त करून घ्यायची सोय आहे, ती करून बघा. निघेलच अशी खात्री देत नाही, पण प्रयत्न फुकट जाणार नाही.

आता हे घडलं का, ते. हे समजलं की पुढचे सगळे सल्ले आपोआप उलगडतात.

झोटेरोचा डेटाबेस एसक्यूलाइट प्रकारचा आहे. त्याला स्वतःचा सर्व्हर नाही. एक साधी फाइल, आणि तिच्यावर थेट लिहिणारा एक प्रोग्रॅम. एखादं पान बदलण्याआधी ते मूळ रूपात जर्नल फाइलमध्ये उतरवलं जातं, मग मुख्य फाइलमध्ये बदल होतो, काम पुरं झालं की जर्नल पुसली जाते. मध्येच वीज गेली तर जर्नलमधून जुनं पान परत ठेवता येतं. ही व्यवस्था पक्की आहे, पण एका अटीवर: फाइलवर कुणी कुलूप लावलं तर बाकी सगळ्यांना ते दिसलं पाहिजे.

झोटेरो उघडं असेतोवर ते कुलूप आपल्याकडेच ठेवतं. एकाच ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हे नीट पाळलं जातं. शेअर्ड फोल्डर मात्र खरी डिस्क नसते. व्हीएममधल्या विंडोजने लावलेलं कुलूप मधल्या थरातून जाऊन लिनक्सच्या खऱ्या फाइलवर लागेलच याचा भरवसा नाही. तुमच्याकडे सकाळी लिनक्सवरचं झोटेरो तक्रार न करता उघडलं, त्याअर्थी ते लागलेलं नव्हतं. एसक्यूलाइट बनवणारेही नेटवर्कवरच्या फाइलींबद्दल हाच इशारा देतात.

दुसरी गोष्ट याहून वाईट. व्हीएम सेव्ह केलं तेव्हा आतल्या झोटेरोच्या मेमरीत डेटाबेसची काही पानं वाचून ठेवलेली होती. व्हीएम गोठलं, पानंही गोठली. सकाळी तुम्ही होस्टवरून तीच फाइल बदललीत. दुपारी व्हीएम जागं झालं. त्याच्या लेखी मध्ये काही घडलेलंच नाही, कुलूप आपल्याचकडे आहे, मग फाइल पुन्हा कशाला वाचायची? सायटेशन घातलंत तसं त्याने जुन्या पानांच्या हिशेबाने नव्या फाइलवर लिहिलं. दोन कारकून एकाच खतावणीत, एकाने रात्रभर डोळे मिटलेले, आणि उठल्यावर पान न बघता कालच्या ओळीखाली लिहायला सुरुवात.

ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये डेटा डिरेक्टरी ठेवू नका असं झोटेरोवाले सतत सांगतात. यंत्रणा वेगळी, रोग तोच.

दप्तर

बोरूंचा मुद्दा मान्य आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो सांगायला हवा. मी दोनेक वर्षं व्हीएमवेअरच्या शेअर्ड फोल्डरमध्येच डेटा ठेवून काम केलं. नियम एकच पाळला: एकीकडचं पूर्ण बंद केल्याशिवाय दुसरीकडचं उघडायचं नाही. एकदाही बिघाड झाला नाही. त्यामुळे 'हे चालतच नाही' असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

बोरू

दप्तर, चालतं हे खरंच आहे. एका वेळी एकच उघडं असेल तर कुलपाचा प्रश्नच येत नाही. पण मग सगळी मदार तुमच्या आठवणीवर. झोटेरोची खिडकी बंद केली तरी ते पुरतं बंद झालंय का, व्हीएमने मागचं लिहिणं खऱ्या डिस्कपर्यंत पोचवलंय का, वर्ड उघडल्याबरोबर सवयीने झोटेरोही उघडलं का, हे रोज तपासायचं. प्रबंध जमा करायच्या आठवड्यात कुणाची आठवण शाबूत असते? तुमची शिस्त तुम्हाला जमली, मी दुसऱ्याला तिच्या भरवशावर सोडणार नाही.

शिवाय आवृत्तीचा प्रश्न आहेच. एकीकडे नवं झोटेरो आलं की ते डेटाबेसची रचना बदलतं, आणि दुसरीकडचं जुनं झोटेरो ती फाइल उघडायला साफ नकार देतं.

दप्तर

आवृत्तीचा फटका मलाही बसला होता, तो सांगायचा राहिला. होस्टवर अपडेट झालं आणि व्हीएममध्ये अर्धा दिवस काम ठप्प. आठवणीच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. मी एकटा होतो आणि घाई नव्हती.

तळटीप

कारण आता नीट समजलं. मग करू काय? झोटेरोच्या खात्याने सिंक करायचा विचार केला होता, पण फुकट जागा ३०० एमबी आणि माझा पसारा ११ जीबी. म्हणून तर शेअर्ड फोल्डरच्या मागे लागले.

बोरू

हा गैरसमज इतक्या जणांचा असतो की ठळक अक्षरात लिहावंसं वाटतं. ३०० एमबीची मर्यादा फक्त जोडलेल्या फाइलींना आहे. नोंदी, कलेक्शन्स, टॅग, टिपणं, पीडीएफवरच्या खुणा, हा सगळा डेटा वेगळा सिंक होतो आणि त्याला जागेची मर्यादा नाही. सेटिंग्जच्या सिंक पानावर दोन स्वतंत्र भाग आहेत, डेटा आणि फाइल्स. फाइल्सची खूण काढा, डेटाची ठेवा, झालं. २३०० काय, २३००० नोंदी असल्या तरी पैसा पडत नाही.

आता तुम्हालाच एक विचारतो. व्हीएममध्ये तुम्ही पीडीएफ उघडता का?

तळटीप

नाही. आत फक्त वर्ड. सायटेशन घालायचं आणि संदर्भसूची काढायची. वाचन सगळं बाहेर.

बोरू

मग व्हीएममध्ये एकही पीडीएफ लागत नाही! सायटेशनला लेखक, वर्ष, शीर्षक, पानं लागतात, आणि ते सगळं डेटात आहे. ११ जीबीचा प्रश्न तुमच्यापुरता संपला.

अशी मांडणी करा. होस्टवर स्वतंत्र डेटा फोल्डर, खऱ्या डिस्कवर. व्हीएममध्ये स्वतंत्र डेटा फोल्डर, व्हीएमच्या सी ड्राइव्हवर, झोटेरो आपोआप करतं तिथेच. दोन्हीकडे एकच खातं. दोन्हीकडे फाइल सिंक बंद. व्हीएममध्ये 'सिंक फुल-टेक्स्ट कंटेंट' हेही काढून टाका, पीडीएफमधले शब्द तिथे शोधायचे नाहीत तर तो भार कशाला?

आणि मनाशी एक ठरवा: लिहिणारं झोटेरो एकच, होस्टवरचं. नवा लेख तिथे येईल, शीर्षकातली चूक तिथे सुधारेल, टॅग तिथे लागेल. व्हीएममधलं झोटेरो फक्त वर्डला नोंदी पुरवेल. दोन्ही बाजूंनी एकाच नोंदीचा एकच रकाना सिंकच्या आधी बदलला तर झोटेरो दोन्ही रूपं समोर ठेवून विचारतं की कुठलं ठेवू. ती खिडकी वाईट नाही, पण रात्री दोन वाजता भलतंच रूप निवडलं जातं. एकच बाजू लिहिणारी असेल तर ती खिडकी उगवतच नाही.

वर्डमध्ये काम करताना बाहेरच्या ब्राउझरमध्ये लेख सापडला तर तो होस्टच्या झोटेरोत साठवा, सिंकचा बाण दाबा, मग व्हीएममध्ये दाबा. काही क्षणांत नोंद वर्डमध्ये हजर.

कोरी पाटी

मध्येच विचारतो. होस्टवरचं एकच झोटेरो उघडं ठेवून व्हीएममधलं वर्ड त्याच्याशीच बोलेल असं करता येणार नाही का? म्हणजे दुसरं झोटेरो टाकायलाच नको.

दप्तर

वर्डचं प्लगिन त्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या झोटेरोशी बोलतं. ब्राउझरमधून लेख साठवणारा झोटेरोचा कनेक्टरही १२७.०.०.१ या पत्त्यावर, २३११९ पोर्टला झोटेरो शोधतो. तो पत्ता म्हणजे 'हे यंत्र स्वतः', आणि व्हीएमसाठी हे यंत्र म्हणजे व्हीएमच. बोगदे काढून कनेक्टरपुरतं काहीतरी जुळवणारे लोक आहेत, पण वर्डसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. व्हीएममध्ये झोटेरो टाकायला पाच मिनिटं लागतात.

समासातली नोंद

माझा प्रश्न तळटीप यांच्या उलट आहे. मला व्हीएममध्येही पीडीएफ लागतात, कारण मजकूर ओळखायचं एक सॉफ्टवेअर फक्त तिथे चालतं. होस्ट मॅक, गेस्ट (म्हणजे व्हीएमच्या आतली सिस्टीम) लिनक्स. मी जे केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल.

डेटाबेस दोन्हीकडे वेगळे, सिंकने जुळवलेले. पीडीएफ मात्र झोटेरोच्या स्टोरेजमध्ये न ठेवता एका साध्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि नोंदींना 'लिंक्ड फाइल' म्हणून जोडल्या. ते फोल्डर व्हीएमला शेअर केलं. सेटिंग्जमध्ये 'लिंक्ड अटॅचमेंट बेस डिरेक्टरी' असते, तिथे मॅकवर मॅकचा पत्ता दिला, लिनक्सवर शेअर्ड फोल्डरचा. डेटाबेसमध्ये पूर्ण पत्ता न जाता त्या बेसपासून पुढचा भागच जातो, म्हणून तीच नोंद दोन्हीकडे आपापली फाइल बरोबर उघडते. शेअर्ड फोल्डरमध्ये डेटाबेस नाही, नुसत्या पीडीएफ, त्यामुळे कुलपाचं संकट नाही. एक लक्षात ठेवा, लिंक्ड फाइल्स झोटेरो कुठेच सिंक करत नाही आणि ग्रुप लायब्ररीत त्या चालत नाहीत. बॅकअप आपला आपण घ्यायचा.

आणि आता जिच्यात माझा अख्खा रविवार गेला ती गोष्ट. इंग्रजी नावांच्या सगळ्या फाइल्स व्हीएममध्ये उघडत होत्या. मराठी नावांच्याही बहुतेक उघडत होत्या. पण 'दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना' नावाची फाइल काही केल्या सापडेना. 'वऱ्हाडी बोली' सापडेना. 'ऱ्हास' शब्द असलेल्या दोन फाइल्स सापडेनात. फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसताहेत, झोटेरो म्हणतं नाही. शेवटी चारही नावं एकाखाली एक लिहिली तेव्हा दिसलं: प्रत्येकात ऱ आहे!

युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत) हा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं मिळून. दिसायला तसूभर फरक नाही. माझ्या पीडीएफ ज्या बाहेरच्या डिस्कवर होत्या तिच्यावर मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत आहे, आणि ती फाइलची नावं ठेवताना अशी अक्षरं सुटी करते. मॅक स्वतः दोन्ही रूपं एकच मानतं, म्हणून तिथे कधी कळलंच नाही. लिनक्स नाव बाइट-बाइट जुळवून बघतं. झोटेरोच्या नोंदीत जोडलेला ऱ, डिस्कवर फोडलेला ऱ.

मराठीत काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं असं कळकळीने सांगते, कारण आपल्याकडे 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांचा', 'कोऱ्या' असले शब्द पावलोपावली येतात. मी फाइलची नावं लेखकाचं आडनाव आणि वर्ष अशी साध्या रोमन अक्षरांत बदलली. पूर्ण मराठी शीर्षक झोटेरोच्या नोंदीत आहेच.

बोरू

समासातली नोंद, हे मला ठाऊक नव्हतं. फार मोलाची माहिती. त्यात भर: विंडोज होस्ट आणि लिनक्स गेस्ट असेल तर नावात विसर्गासारखा दिसणारा कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालत नाही. लिनक्स खुशाल लिहू पाहतं, विंडोजची डिस्क नाकारते. लेखांच्या शीर्षकात कोलन हमखास असतो. झोटेरो स्वतः नाव देतं तेव्हा तो काढून टाकतं, हाताने नाव देणाऱ्यांनी जपावं.

उपोद्घात

लाटेक्सवाल्यांसाठी (वर्डऐवजी साध्या मजकुराच्या फाइलमधून पानं जुळवणाऱ्यांसाठी) एक वाट. मी गेस्टमध्ये झोटेरो ठेवतच नाही. होस्टच्या झोटेरोत बेटर बिबटेक्स हे प्लगिन आहे. ग्रंथालय निर्यात करताना 'कीप अपडेटेड' निवडलं की डॉट बिब फाइल (लाटेक्सला लागणारी संदर्भयादी) प्रत्येक बदलानंतर आपोआप नव्याने लिहिली जाते. ती शेअर्ड फोल्डरमध्ये पडते, गेस्टमधलं लाटेक्स ती वाचतं. तो फोल्डर गेस्टला मी 'रीड ओन्ली' दिलाय, त्यामुळे चुकूनही उलटं काही लिहिलं जात नाही. साधी मजकुराची फाइल, एकाच दिशेने जाणारी. जॅबरेफ हे दुसरं संदर्भ-सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं तर मूळ ग्रंथालयच डॉट बिब असतं, पण तेही दोन्हीकडे एकदम उघडं ठेवू नये.

कोरी पाटी

माझ्या व्हीएमला इंटरनेट द्यायला परवानगी नाही. आतला डेटा गोपनीय आहे. मग सिंक कसं करणार? सध्या होस्टवरून आरआयएस फाइल (नोंदींची निर्यात केलेली यादी) काढतो आणि व्हीएममध्ये इम्पोर्ट करतो. चालतंय.

बोरू

कोरी पाटी, ते लगेच थांबवा. वर्डमधलं प्रत्येक सायटेशन नोंदीच्या शीर्षकाने ओळखलं जात नाही. प्रत्येक नोंदीला आठ अक्षरी किल्ली असते, सायटेशनमध्ये तिचा पत्ता लिहिलेला असतो. आरआयएसमधून आणलं की नोंद नवी, किल्ली नवी. पुढच्या वेळी पुन्हा इम्पोर्ट केलंत की तिसरी किल्ली. माणसाच्या डोळ्यांना एकच लेख, झोटेरोच्या लेखी तीन.

तुमच्यासाठी: दोन्हीकडचं झोटेरो बंद करा. होस्टवरचं संपूर्ण डेटा फोल्डर शेअर्ड फोल्डरमध्ये कॉपी करा, तिथून व्हीएमच्या आतल्या डिस्कवर आणून जुन्याच्या जागी ठेवा. शेअर्ड फोल्डर इथे फक्त पोस्टमन, तिथून उघडायचं नाही. संपूर्ण फोल्डर गेल्यामुळे किल्ल्या त्याच राहतात. दिशा नेहमी होस्टकडून व्हीएमकडे. व्हीएममध्ये केलेले बदल पुढच्या प्रतीत पुसले जाणार, म्हणून तिथे बदल करायचेच नाहीत. पीडीएफ नको असतील तर स्टोरेज फोल्डर वगळा. नोंदी दिसतील, फाइल उघडायला गेलात तर नाही म्हणेल, एवढंच.

तळटीप

अरे देवा. आरआयएस! शेअर्ड फोल्डर करण्याच्या आधी पहिल्या प्रकरणासाठी मीही तेच केलं होतं. आत्ता कळलं की माझ्या संदर्भसूचीत एकच पुस्तक दोनदा का येतं, आणि मजकुरात कारण नसताना '२०१९अ' आणि '२०१९ब' का होतं. मला वाटत होतं सायटेशनची शैलीच चुकीची आहे. तीन वेळा शैली बदलून पाहिली.

दप्तर

अगदी तेच लक्षण. ओळखायची सोपी खूण: वर्डमध्ये सायटेशन संपादनासाठी उघडा आणि आतल्या फुग्यावर (निवडलेल्या नोंदीच्या नावावर) क्लिक करा. 'ओपन इन माय लायब्ररी' असं बटण दिसलं तर ते आत्ताच्या ग्रंथालयाशी जोडलेलं आहे. दिसलं नाही तर ते पोरकं आहे. माहितीची एक प्रत वर्डच्या फाइलमध्येच असते, म्हणून छापताना काही जाणवत नाही, पण झोटेरोत सुधारणा केली की ती तिथे पोचत नाही.

आणि एकाच ग्रंथालयात नोंदी दुहेरी झाल्या असतील तर जास्तीची पुसू नका, 'ड्युप्लिकेट आयटम्स'मध्ये जाऊन 'मर्ज' करा. मर्ज केलं की जुन्या सायटेशनना नव्या नोंदीचा माग राहतो, पुसलं की तुटतो.

बोरू

तळटीप, व्हीएमच्या स्नॅपशॉटबद्दलही (त्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या अवस्थेबद्दल) आत्ताच सांगून ठेवतो. जुन्या स्नॅपशॉटवर परत गेलात की आतलं झोटेरोही त्या दिवसात जातं. सिंक झालेलं सगळं पुढच्या सिंकमध्ये परत येईल. सिंक न झालेलं आणि फक्त व्हीएममध्ये असलेलं कायमचं जाईल. वर्डची फाइलसुद्धा! ती व्हीएमच्या डिस्कवर ठेवू नका. वर्डची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवायला माझी हरकत नाही, एका वेळी एकीकडेच उघडी ठेवा म्हणजे झालं.

तळटीप

चार दिवसांनी लिहितेय, सगळं मार्गी लागलं.

होस्टवर ग्रंथालय होमच्या फोल्डरमध्ये, खात्याशी सिंक, फाइल सिंक बंद. पहिलं सिंक पूर्ण होऊ दिलं आणि संकेतस्थळावर जाऊन नोंदींची संख्या ताडून पाहिली, मगच व्हीएमकडे वळले. तिथला जुना आरआयएसचा गोतावळा एका बाजूला प्रत करून ठेवला, रिकाम्या डेटा फोल्डरने सुरुवात केली आणि सिंक केलं. चहा थंड व्हायच्या आत सगळ्या नोंदी खाली आल्या. व्हीएमच्या डिस्कवर फरक पडल्यासारखंही वाटलं नाही.

पहिल्या प्रकरणातली ४१ सायटेशन पोरकी निघाली. दप्तर यांनी सांगितल्याप्रमाणे एकेक उघडून बघितली, जुना फुगा काढला, ग्रंथालयातून नवा घातला. एक संध्याकाळ गेली. शेवटी रिफ्रेश दाबलं आणि '२०१९ब' नाहीसं झालं. संदर्भसूची दीड पानाने आखडली.

बिघडलेली फाइल दुरुस्तीसाठी चढवली होती. दोनपैकी एका लेखाच्या खुणा परत मिळाल्या. दुसरा पुन्हा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना खुणा कमी झाल्या, पण बहुतेक बरोबर जागी झाल्या असं वाटतंय.

एक शेवटचं विचारते. व्हीएम अजूनही मी सेव्ह स्टेट करूनच बंद करते, शटडाउन करायला फार वेळ जातो. आत झोटेरो उघडं राहिलं तर आता धोका आहे का?

बोरू

आता त्याची फाइल त्याच्याच डिस्कवर आहे, बाहेरून कुणी तिला हात लावत नाही. त्यामुळे गोठवलं, जागं केलं, तरी डेटाबेसला काही होणार नाही. जागं झाल्यावर वर्डला हात लावण्याआधी सिंकचा बाण एकदा दाबा, म्हणजे रात्रीत होस्टवर भरलेल्या नोंदी आत येतील.

तळटीप

दाबते. आभार सगळ्यांचे, समासातली नोंद तुमचेही. माझ्याकडे नावात ऱ असलेल्या १७ फाइल्स निघाल्या, आजच नावं बदलली.